शांततेची मात्रा

झिप्रीनं शेंगदाणे घेतले नाहीत, तेव्हाच केतकीच्या मनात पाल चुकचुकली.

झिप्री ही दंडोबाच्या डोंगरापलीकडच्या वानर संशोधन केंद्रातली माकडीण. डोक्यावरचे केस कायम पिंजारलेले, म्हणून तिला ते नाव पडलेलं. केतकी केंद्राची पशुवैद्यक. रोज सकाळी ती पिंजऱ्यांच्या ओळीतून फिरायला लागली की झिप्री जाळीतून हात बाहेर काढून तिच्या ॲप्रनचा खिसा धरायची आणि शेंगदाणे मिळेपर्यंत सोडायची नाही. आज मात्र ती कोपऱ्यात पाठ फिरवून बसली होती. एक हात पोटाला बांधलेल्या पट्ट्यावर होता. केतकीनं दोनतीनदा हाक मारली. झिप्रीनं मान वळवून पाहिलं आणि पुन्हा भिंतीकडे तोंड केलं.

तासाभरात तिला गुंगी देऊन सोनोग्राफीच्या टेबलावर घेतलं. पडद्यावर पिल्लू दिसत होतं. पूर्ण वाढलेलं, गुडघे पोटाशी घेतलेलं. त्याच्या छातीत मात्र काहीच हलत नव्हतं.

केतकीनं यंत्राचा डोळा पुन्हा पुन्हा फिरवून पाहिला. तिच्या स्वतःच्या पोटात आठवा महिना चालू होता आणि तिच्याही पोटावर, ॲप्रनच्या आत, अगदी तसाच पट्टा होता.

दुपारी या प्रयोगाच्या प्रमुख डॉ. शालिनी मगदूम मिरजेहून आल्या. पिल्लू आणि त्याला पोसणारी वार बाहेर काढून झाली होती. निरोगी वार मऊ, लालभडक, रक्तानं भरलेली असते. ही आक्रसलेली होती, जागोजागी पांढरट चट्टे पडलेले, बोटाला खरखरीत लागणारी.

"वार आधीच निकामी व्हायला लागली होती," केतकी म्हणाली. "मॅडम, हिची औषधाची कुपी गेल्या पंधरवड्यात दोनदा लवकर संपली होती. दोन्ही वेळा आपण भरली."

"वजन वाढलं की औषध जास्त लागतं." मगदूम मॅडमनी हातमोजे काढले. त्यांचा आवाज शांत होता, पण त्या बराच वेळ वारेकडे बघत राहिल्या. "अठ्ठावीस माद्यांमधली ही एक आहे, केतकी. वार कुठल्याही गरोदरपणात खराब होऊ शकते. एकीवरून निष्कर्ष काढायचा नसतो, हे मी तुला सांगायला नको."

सांगायला नको होतंच. पण त्या दिवशी घरी जाताना केतकीचा हात सारखा आपल्या पोटाकडे जात होता.

पट्ट्याचं नाव धात्री. मगदूम मॅडमनी आयुष्याची वीस वर्षं त्यात घातली होती. त्याआधी त्या मिरजेच्या एका इस्पितळात अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या कक्षात होत्या, आणि तिथं तळहातावर मावणारी मुलं मरताना त्यांनी पाहिली होती.

मेंढी घ्या, उंदीर घ्या, त्यांच्यात बाळंतपणाचा मामला तसा सरळ असतो. प्रोजेस्टेरॉन नावाचं संप्रेरक दिवस भरेपर्यंत गर्भाशयाला निजवून ठेवतं. वेळ झाली की रक्तातलं त्याचं प्रमाण घसरतं आणि गर्भाशय जागं होतं. माकडांत आणि माणसांत तसं घडत नाही. अगदी शेवटच्या दिवसापर्यंत रक्तात प्रोजेस्टेरॉन भरपूर असतं. बदलतं ते गर्भाशय. हे संप्रेरक ओळखणारे जे ग्राहक रेणू त्याच्या पेशींत असतात, त्यांची घडण पालटते. अंगाई चालूच असते, पण ऐकणारा बहिरा होतो. मग इस्ट्रोजेनचा जोर चढतो, सुट्या सुट्या पेशी एकमेकींशी जोडल्या जातात, ऑक्सिटोसिनला दाद देऊ लागतात आणि सगळं गर्भाशय एकदम आवळतं. हीच ती कळ.

काही बायकांचं गर्भाशय महिनोन् महिने आधीच बहिरं होतं. केतकीचं दोनदा झालं होतं, दोन्ही वेळा सहाव्या महिन्यात. दोन्ही वेळा ती आणि तिचा नवरा रणजित मोकळ्या हातांनी घरी आले होते.

धात्री नेमकी इथंच हात घालायची. पट्टा गर्भाशयात उठणाऱ्या विजेच्या बारीक लहरी टिपायचा. दंडाच्या कातडीखाली बसवलेली कुपी त्याच्या हुकमानं औषध सोडायची, आणि ग्राहक रेणू पुन्हा प्रोजेस्टेरॉनचं ऐकू लागायचे. कळ उमटायच्या आत विरून जायची. पट्टा काढला की कुपी बंद. माकडिणींच्या पहिल्या तुकडीत धात्रीनं एकही पिल्लू वेळेआधी पडू दिलं नव्हतं, म्हणून तर बायकांवर चाचणी सुरू झाली होती. या चाचणीत बारा बायका होत्या आणि त्यांतली एक केतकी. सहावा महिना सरला, सातवा सरला, पोट शांत. रणजितनं सातव्या महिन्याच्या शेवटी पहिल्यांदा धीर करून पाळण्याची चौकशी केली होती.

झिप्रीच्या नंतर चौथ्या दिवशी केतकीची मिरजेला तपासणी होती. सोनोग्राफी ठीक निघाली. बाळाच्या ठोक्यांचा आलेख ठीक. नाळेतला रक्तप्रवाह ठीक. बाळ थोडं लहान होतं, पण चिंता करावी इतकं नाही. केतकी उठून बसली आणि तेवढ्यात सिस्टरनी तिचा दंड पुसायला घेतला.

"हे कशाला? कुपी पुढच्या आठवड्यात भरायचीय ना?"

"संपत आलीय की, मॅडम. आजच भरायला सांगितलंय."

सुई टोचली ते तिला कळलंही नाही.

"बाळ हलतंय ना नीट?" मगदूम मॅडमनी विचारलं.

"हलतंय. पण लाथ मारल्यासारखं नाही. कूस बदलल्यासारखं."

"आठव्या महिन्यात जागा कमी होते."

"मॅडम, माझी कुपी का संपतेय?"

मगदूम मॅडमनी अहवाल मिटले. "कारण दिवस भरत आलेत. गर्भाशय जागं व्हायला बघतंय, धात्री त्याला निजवतेय. त्यासाठीच ती आहे."

उत्तर चुकीचं नव्हतं. पण केतकीच्या डोळ्यांपुढून ती खरखरीत वार हलेना. गर्भाशय बहिरं कधी व्हायचं, हे एकटं गर्भाशय ठरवत नाही. वार आणि बाळ मिळून ठरवतात. बाळावर ताण आला, अन्नपाणी कमी पडायला लागलं, की त्याच्या मूत्रपिंडांवरच्या इवल्या ग्रंथी कामाला लागतात, वारेतून इशारा देणारी संप्रेरकं आईच्या रक्तात वाढतात आणि वेणा लवकर सुरू होतात. म्हणजे काही वेळा वेळेआधीचं बाळंतपण हा बिघाड नसतोच. आत धोका असतो आणि बाळ निघून यायला बघत असतं. झिप्रीच्या पिल्लानं तेच केलं असेल. त्यानं जोर लावला, कुपीनं औषध वाढवलं. त्यानं आणखी जोर लावला, कुपी रिकामी झाली. मग माणसांनी ती भरली.

संध्याकाळी रणजित तासगावच्या शीतगृहावरून घरी आला. बेदाण्याचा हंगाम होता, त्याच्या कपड्यांना गोड आंबूस वास येत होता. केतकी खाटेवर बसली होती. तिचा हात पट्ट्याच्या बकलावर होता.

"मला हा काढायचाय," ती म्हणाली.

रणजितनं हातातली पिशवी खाली ठेवली. तिच्याजवळ येऊन बसला आणि तिच्या हातावर आपला हात ठेवला. बकल दोन्ही हातांखाली झाकलं गेलं.

"त्या माकडिणीवरून?"

"कुपीवरून. माझीही लवकर संपली. रणजित, माझं पोट आपोआप शांत नाहीये. रोज जास्त औषध घालून ते शांत ठेवलं जातंय. का लागतंय जास्त? आतून कुणीतरी सांगतंय, आणि आपण त्याचं तोंड दाबून धरलंय."

"किंवा तुझं गर्भाशयच तसलं आहे. दोनदा तसलंच निघालं."

बोलून गेल्यावर त्याचं त्यालाच कसंतरी झालं. केतकीनं हात काढून घ्यायचा प्रयत्न केला. त्यानं सोडला नाही.

"मॅडम काय म्हणाल्या?"

"सगळं ठीक आहे म्हणाल्या."

"मग?" तो म्हणाला. "दोन वेळा ते गाठोडं मी हातात घेतलंय, केतकी. तू गुंगीत होतीस. मी नव्हतो. एवढंएवढंसं. आता आठवा महिना लागलाय, बाळ जिवंत आहे, सगळे अहवाल चांगले आहेत आणि तू म्हणतेस पट्टा काढू. मी नाही काढू देणार."

"माझं पोट आहे ते."

"आणि बाळ?"

केतकीला त्याचा राग येत होता आणि त्याचं खरं असेल अशी भीतीही वाटत होती. समजा पट्टा काढला, वेणा सुरू झाल्या, आणि वार धडधाकट निघाली तर? तिसरं मूल तिनं स्वतःच्या हातानं धोक्यात घातलं, असं होईल. आणि नाही काढला तर एके सकाळी तीही झिप्रीसारखी भिंतीकडे तोंड करून बसलेली असेल. दोन्हींपैकी खरं काय हे बाहेरून कुणालाच दिसत नव्हतं, कारण पोट शांत होतं. खरं तर सगळा घोळ त्या शांततेचाच होता.

तिथंच तिला वाट दिसली. विसाव्याला बसलेल्या माणसाची नाडी बघून तो जिना चढेल की नाही हे कळत नाही. त्याला चार पायऱ्या चढवाव्या लागतात.

दुसऱ्या दिवशी ती मगदूम मॅडमच्या खोलीत गेली. रणजित बरोबर होता. त्याला पटलं नव्हतं, पण आला होता.

"धात्री बंद करा असं मी म्हणत नाही," केतकी म्हणाली. "मात्रा थोडी उतरवा. इथं, शस्त्रक्रियेची खोली तयार ठेवून. दोनचार कळा येऊ द्या. प्रत्येक कळेत वारेकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या क्षणभर दाबल्या जातात. वार चांगली असेल तर बाळाला तेवढा दम निघतो. नसेल तर कळ ओसरताना त्याचे ठोके मंदावतात. ठोके टिकले तर मी दिवस भरेपर्यंत या पट्ट्याला हात लावणार नाही."

"ही फार जुनी परीक्षा आहे," मगदूम मॅडम म्हणाल्या. "माझ्या गुरूंच्या काळातली. धात्री लावलेल्या बाईवर कुणी केलेली नाही."

"कशी करणार? कळाच येत नाहीत. तुम्ही त्या बंद केल्यात."

मगदूम मॅडमचा चेहरा उतरला. रणजितनं घसा खाकरला. "सुरू झाल्या आणि आवरल्या नाहीत तर?"

"तर मूल आठव्या महिन्यात होईल," मगदूम मॅडम हळू म्हणाल्या. "नव्वद टक्क्यांहून जास्त जगतात ती. पण सगळी नाही. मी खोटा शब्द देणार नाही." मग त्या केतकीकडे वळल्या. "झिप्रीची वार मी परत काढून बघितली काल. सूक्ष्मदर्शकाखाली. एका दिवसात झालेलं नव्हतं ते. मी स्वतःला अठ्ठावीसचा आकडा सांगत बसले होते." त्यांनी फोन उचलला आणि शस्त्रक्रियेची खोली लावायला सांगितली.

मात्रा उतरवली तेव्हा ऊन खिडकीत होतं. औषधाचा अंमल सरायला दुपार उलटावी लागणार होती. केतकी डाव्या कुशीवर पडून होती. पोटावर दोन चकत्या, एक कळांसाठी आणि एक ठोक्यांसाठी. ठोके खोलीभर घुमत होते, घोडा दुडक्या चालीनं पळावा तसे. रणजित थोडा वेळ बसला, मग उठला. "मला नाही ऐकवत," म्हणाला आणि बाहेर जाऊन उभा राहिला.

पहिली कळ आली तेव्हा केतकीला ती ओळखीची वाटली. याच कळेच्या भीतीनं तिनं सात महिने काढले होते आणि आता ती तिचीच वाट बघत होती. पोट दगडासारखं झालं, सैल पडलं. ठोके तसेच.

"ठीक आहे," मगदूम मॅडम म्हणाल्या. कपाळावरचा घाम पुसायचं त्यांना सुचलं नव्हतं.

दुसरी कळ. ठोके तसेच. केतकीनं डोळे मिटले. आपण चुकलो, उगाच केलं हे सगळं, असं तिच्या मनात आलं. त्यात सुटकेचा आनंद होता आणि शरमही.

तिसरी कळ जोराची आली. ती ओसरायला लागली, पोट सैल झालं, आणि ठोक्यांची चाल ढिली पडली. घोडा थकल्यासारखा. थबकतोय की काय असं वाटेपर्यंत हळू. मग हळूहळू ते सावरले.

"अजून एक," मगदूम मॅडम म्हणाल्या. "एकदाच झालं तर—"

चौथीला ते पुन्हा झालं, आणि या वेळी सावरायला जास्त वेळ लागला. दार ढकलून रणजित आत आला. बाहेर त्याला सगळं ऐकू येत होतं.

"काढा," तो म्हणाला. "मॅडम, बाळाला बाहेर काढा. आत्ताच्या आत्ता."

बकल त्यानंच उघडलं.

मुलगी झाली. दीड किलोही भरली नाही. जन्मली तेव्हा रडली नाही, आणि ते काही क्षण केतकीनं छताकडे बघत काढले. मग मांजराच्या पिल्लासारखा एक क्षीण, चिडका आवाज आला.

वार मगदूम मॅडमनी स्वतः तपासली. अर्ध्याहून अधिक भाग पांढरा, खरखरीत झाला होता. "आणखी आठवडाभर निघाला नसता," एवढंच त्या म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी त्या वॉर्डात येऊन केतकीच्या खाटेशेजारी बसल्या. एकदम म्हाताऱ्या दिसत होत्या. "वरच्यांना कळवलंय. नवीन कुणाला धात्री लावायची नाही. प्रश्न उरलेल्या अकरा जणींचा आहे. त्यांतल्या पाच जणींच्या कुप्या लवकर संपतायत."

"सगळ्यांना पट्टे काढायला सांगणार?"

"कसं सांगू? काहीजणींचं गर्भाशय खरोखरच अवेळी बहिरं झालंय. त्यांचा पट्टा काढला तर चांगली मुलं जातील."

संध्याकाळी केतकी बाळांच्या कक्षाच्या काचेपाशी बसली असताना तिचा फोन वाजला. जतजवळच्या एका वाडीवरची ललिता कोळेकर बोलत होती. तपासणीच्या दिवशी दोघी बाकावर शेजारी बसायच्या, तेवढीच ओळख. ललिताची आधीची तीन गेली होती.

"ताई, तुमचं कळलं. तुम्ही पट्टा काढला म्हणून पोरगी वाचली म्हणत्यात." तिला धाप लागली होती. "माझी बी कुपी दोनदा भरली. सासूबाई म्हणत्यात काढून टाक. मालक म्हणत्यात हात लावू नगं. तुम्ही सांगा. काढू का ठेवू?"

काढ म्हणावं, असं तिच्या जिभेवर आलं होतं. काचेपलीकडे तिची स्वतःची मुलगी श्वास घेत होती ती पट्टा काढल्यामुळेच. पण ललिताची वार तिनं पाहिली नव्हती.

"ललिता, मला माहीत नाही," ती म्हणाली. "घरी अजिबात काढू नकोस. उद्या सकाळी इथं ये. गाडी पाठवायला सांगते. माझ्यासारखीच परीक्षा करू. मी तुझ्याजवळ बसेन."

दुसऱ्या दिवशी रणजितनं केतकीला चाकाच्या खुर्चीतून खाली नेलं. टाके ओढत होते. ललिता कुशीवर पडून होती. तिचा नवरा दाराशी टोपी हातात चुरगाळत उभा होता, आणि रणजित त्याच्या बाजूला जाऊन उभा राहिला. सकाळी मात्रा उतरवली. दुपारनंतर पहिली कळ आली. ललितानं केतकीची बोटं इतकी आवळली की ती पांढरी पडली. दुसरी, तिसरी. प्रत्येक वेळी कळ ओसरताना केतकी ठोके मोजायची. ठोके ढळले नाहीत. पाचव्या कळेलाही चाल तीच, रांगडी, मजेत चाललेली.

"हिची वार उत्तम आहे," मगदूम मॅडम म्हणाल्या. "सातवाच महिना चाललाय. हिला धात्री हवीच. मात्रा चढवा."

पण कळा लगेच थांबेनात. आता भीती उलटी होती. सहावी आली, सातवी आली. ललिता घामानं भिजली, तिचा नवरा भिंतीला टेकून देवाचं नाव घेत होता. बाळावरचा हा धोका आपल्या सल्ल्यानं आला, हे केतकीला क्षणभरही विसरता येत नव्हतं. आठवी लहान आली. त्यानंतरची येते येते म्हणताना विरली. दिवस मावळताना पोट सैल झालं ते तसंच राहिलं.

"म्हंजे आता भ्यायचं नाही ना, ताई?" ललितानं विचारलं. तिचे ओठ सुकले होते.

नाही म्हणणं सोपं होतं. केतकीनं तिच्या कपाळावरचे ओले केस मागे सारले.

"दोन महिने अजून भ्यायचंय," ती म्हणाली. "पण दर आठवड्याला इथं येऊन भ्यायचं. एकटीनं नाही."

ललितानं मान हलवली आणि डोळे मिटले. रणजितनं खुर्ची वळवली. वरून निरोप आला होता, मुलीला दूध द्यायची वेळ झाली होती. बाहेर बाकावर चाचणीतली पुढची बाई बसली होती, विशीतली, पाय हलवत, बंद दाराकडे बघत. केतकीनं रणजितला थांबायला सांगितलं.

"मी केतकी," ती म्हणाली. "तुझी परीक्षा उद्या आहे ना? दूध देऊन येते, मग तुला सगळं समजावून सांगते. तोवर जाऊ नकोस."